अंगणातील बर्फाचा वाजवी भाव

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात, स्थूलमानाने बॉस्टनपासून बफेलोपर्यंत आणि सरहद्दीपलीकडे टोरांटो व मॉन्ट्रियलपर्यंत, दर हिवाळ्यात अशा एका पदार्थाचा व्यवहार चालतो, जो कोणी मागवलेला नसतो, जो घरपोच आणि विनामूल्य मिळतो, पण जो दारातून हलवण्यासाठी मात्र रोख पैसे मोजावे लागतात. घरासमोर पडलेला बर्फ हाच तो पदार्थ होय. तो काढून देणाऱ्याला किती पैसे द्यावेत, हा प्रश्न वरवर पाहता फावड्याचा आणि फार तर पाठीच्या मणक्यांचा वाटत असला, तरी त्यात तत्त्वज्ञान, कायदा, हवामानशास्त्र आणि शेजारधर्म हे सगळेच गुंतलेले असून, एरवी निमूटपणे कर भरणारे आणि रांगेत कधीही पुढे न घुसणारे नागरिक या एका प्रश्नावर कमालीचे हट्टी होतात, असे आढळून येते.

विवेचनाच्या सोयीसाठी प्रथम क्षेत्र निश्चित केले पाहिजे. गॅरेजच्या दारापासून सार्वजनिक रस्त्यापर्यंत जाणारी, घरमालकाच्या मालकीची डांबरी वाट म्हणजे ड्राइव्हवे. घर विकत घेताना, म्हणजे बहुधा मे-जून महिन्यात, तिची लांबी हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाते आणि डिसेंबरात त्याच लांबीबद्दल पती-पत्नी एकमेकांना दोष देतात. दोन मोटारी शेजारी उभ्या राहतील अशी ६ मीटर रुंद आणि १५ मीटर लांब वाट घेतली, आणि तिच्यावर २० सेंटिमीटर बर्फ पडला असे धरले, तर एकूण १८ घनमीटर माल हलवावा लागतो. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास भरत असल्याने हे वजन १,८०० किलो होते. तोच बर्फ शून्य अंशाच्या जवळपास, ओलसर अवस्थेत पडला तर सहज दुप्पट, म्हणजे ३,६०० किलो. एका फावड्यात ६ किलो धरल्यास पहिल्या प्रकारात ३०० आणि दुसऱ्या प्रकारात ६०० वेळा वाकावे लागते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मात्र दोन्ही बर्फ सारखेच पांढरे दिसतात, आणि दर ठरवणारा मनुष्य नेमका त्याच खिडकीत कॉफीचा कप घेऊन उभा असतो. या व्यवसायातील निम्मी भांडणे या एका दृष्टिभेदातून उद्भवतात, असे म्हणण्यास हरकत नाही.

दर ठरवण्याच्या प्रचलित पद्धतींपैकी सर्वांत सरळ पद्धत म्हणजे खेपेनुसार पैसे घेणे, ज्याला त्या व्यवसायात ‘पर पुश’ म्हणतात: ट्रकच्या पुढे लावलेले पाते, अर्थात प्लाउ, जितक्या वेळा येऊन बर्फ ढकलेल तितक्या वेळांचे पैसे. या पद्धतीचा आधारस्तंभ म्हणजे ‘ट्रिगर’, म्हणजे किती बर्फ पडल्यावर कंत्राटदाराने बोलावल्याशिवाय यावे याची मर्यादा. ती बहुतेक ठिकाणी २ इंच किंवा ५ सेंटिमीटर असते. मर्यादा आली की मोजमाप आले आणि मोजमाप आले की वाऱ्याची भूमिका सुरू होते, कारण एकाच ड्राइव्हवेवर वाऱ्याने भिंतीशी एक फूट बर्फ साचवलेला असतो आणि मधला भाग झाडून लख्ख ठेवलेला असतो. ज्याला सेवा हवी असते तो भिंतीपाशी पट्टी रोवतो, आणि ज्याला पैसे वाचवायचे असतात तो मधोमध. शेवटी दोन्ही पक्ष विमानतळावरील अधिकृत नोंदीला शरण जातात. तेथे कोणीच राहत नसल्यामुळे ती नोंद सर्वांना सारखीच अमान्य असते, आणि निःपक्षपातीपणाची याहून चांगली व्याख्या तूर्त उपलब्ध नाही.

दुसरी पद्धत हंगामी कराराची. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत कितीही बर्फ पडो वा न पडो, एक ठरावीक रक्कम आगाऊ द्यायची. क्युबेक प्रांतात ही पद्धत विशेष रुजलेली असून, पानगळ संपता संपता घरोघरच्या ड्राइव्हवेच्या कडेला कंत्राटदारांचे रंगीत दांडे रोवलेले दिसू लागतात, जेणेकरून पुढे सर्व काही पांढरे झाल्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्याला वाट कोठे संपते आणि गुलाबाची झाडे कोठे सुरू होतात हे कळावे. उदाहरणादाखल खेपेचा दर ४० डॉलर आणि हंगामाचा ६०० डॉलर धरला, तर १५ खेपांवर दोन्ही हिशेब समान येतात. हे गणित चौथीतला मुलगाही करील. परंतु १५ खेपा होतील की नाही, हे ठरवण्याचा अधिकार करारावर सही न केलेल्या तिसऱ्याच पक्षाकडे असतो. बॉस्टन शहरात २०११-१२ च्या संपूर्ण हिवाळ्यात ९.३ इंच बर्फ पडला आणि २०१४-१५ च्या हिवाळ्यात ११०.६ इंच, ज्यातील बहुतांश जानेवारीची अखेर आणि फेब्रुवारी एवढ्या अवधीत कोसळला. त्या वर्षी महापालिकेने शहरातून उचलून एका मोकळ्या जागेत रचलेला ढीग १४ जुलैपर्यंत पुरला, हेही ओघाने नोंदवून ठेवले पाहिजे.

आता या दोन हिवाळ्यांत एकच हंगामी करार ठेवणाऱ्या एकाच गृहस्थाची कल्पना करावी. पहिल्या वर्षी तो फेब्रुवारीत, कोरड्या ड्राइव्हवेवर उभा राहून, आपण लुबाडले गेलो असे शेजाऱ्यांना सांगतो. ६०० डॉलरच्या मोबदल्यात ट्रक दोनदा आला आणि त्यातल्या एका खेपेला त्याने टपालपेटी पाडली, असा त्याचा दावा असतो. घराचा अग्निविमा उतरवलेला मनुष्य वर्षाअखेरीस घर जळले नाही म्हणून विमा कंपनीकडे तक्रार करत नाही. परंतु हंगामी करार हाही जोखीम दुसऱ्यावर सोपवणारा एक विमाच आहे, हे कमी बर्फाच्या वर्षी कोणाच्याही गळी उतरत नाही. दुसऱ्या वर्षी तोच गृहस्थ कराराच्या पावित्र्याचा कट्टर पुरस्कर्ता बनतो, आणि डिझेल व मिठाचा खर्च परवडत नाही असे सांगणाऱ्या कंत्राटदाराला, शब्द म्हणजे शब्द, असे सुनावतो. कंत्राटदाराची नीतिमत्ता याच्या बरोबर उलट्या क्रमाने फिरते. म्हणजे न्यायाची कल्पना दोघांकडेही असते, पण ती बर्फाच्या उंचीनुसार वरखाली होते. अतिवृष्टीप्रमाणेच अतिहिमाच्या वर्षी काही कंत्राटदार फेब्रुवारीतच दिवाळे काढून दूरध्वनी उचलणे बंद करतात. आगाऊ घेतलेले पैसे त्यांनी ज्या ट्रॅक्टरवर खर्च केलेले असतात, तो तेव्हा कोठल्या तरी गल्लीत स्वतःच बर्फाखाली गेलेला असतो.

वाजवी भाव म्हणजे काय, याविषयी प्राचीनांनी बराच विचार करून ठेवला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्याने ठरलेल्या किमतीवर देशी मालावर ५ टक्के आणि परदेशी मालावर १० टक्के नफा घ्यावा, असा स्पष्ट दंडक आहे. तो बफेलोला लावू गेल्यास सुरुवातीलाच अडचण येते. तेथील बर्फाचा मोठा भाग ‘लेक इफेक्ट’मुळे पडतो, म्हणजे उत्तरेकडून येणारी अतिथंड हवा ईरी सरोवराच्या तुलनेने उबदार पाण्यावरून वाहताना बाष्प उचलते आणि पलीकडच्या किनाऱ्यावर अरुंद पट्ट्यांत ते बर्फरूपाने टाकते. थंडी कॅनडाची, सरोवर दोन्ही देशांच्या सामाईक मालकीचे आणि माल पडला न्यूयॉर्क राज्यात, तेव्हा तो देशी मानून ५ टक्के घ्यावेत की परदेशी मानून १०, यावर अर्थशास्त्राचे टीकाकारही गप्प आहेत. शिवाय हे पट्टे इतके अरुंद असतात, की नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराच्या दक्षिणेकडील वस्त्यांत ५ फुटांहून अधिक बर्फ साचला असताना काही मैल उत्तरेला जेमतेम काही इंच होता, आणि अशा वेळी दोन्हीकडे गिऱ्हाइके असलेल्या कंत्राटदाराला एकच ‘शहराचा चालू दर’ सांगणे अशक्य होते.

युरोपात तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने न्याय्य किमतीचा विचार करताना असे प्रतिपादले, की वस्तू दिल्याने विकणाऱ्याचे विशेष नुकसान होत असेल तर त्याने किंमत वाढवावी, परंतु केवळ घेणारा फार गरजू आहे म्हणून वाढवू नये, कारण ती गरज घेणाऱ्याची आहे आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. हा सिद्धान्त ऐकायला अत्यंत उदात्त आहे आणि पहाटे पाच वाजता, विमान पकडण्यासाठी निघालेल्या माणसाच्या ड्राइव्हवेवर उभे राहून तो पाळणे अत्यंत कठीण आहे. अर्थात कंत्राटदारालाही त्यातून पळवाट उरते: दुसऱ्यांची अंगणे साफ करत असताना त्याचे स्वतःचे अंगण बुजून जाते आणि त्याबद्दल त्याला घरी जे ऐकावे लागते, ते ‘विक्रेत्याचे विशेष नुकसान’ या सदरात निःसंशय मोडते.

अर्वाचीन काळात या विषयाला शास्त्रीय प्रतिष्ठा लाभली ती १९८६ साली. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांनी कॅनडात दूरध्वनीवरून लोकांना एक प्रश्न विचारला: हार्डवेअरचे एक दुकान बर्फाचे फावडे १५ डॉलरला विकत आले आहे, आणि मोठ्या हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याची किंमत २० डॉलर करते, तर हे कसे वाटते? ८२ टक्के लोकांनी हे अन्यायकारक असल्याचे सांगितले. पुढे कानेमन यांना २००२ मध्ये आणि थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते फावडे ज्ञानाच्या इतिहासात बरेच खोल गेले म्हणायचे. थेलर यांनी हाच प्रश्न व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारला असता त्यांतील बहुसंख्यांना या भाववाढीत काहीही गैर दिसले नाही, कारण मागणी वाढली की किंमत वाढते आणि वस्तू जो सर्वाधिक पैसे देईल त्याच्याकडे जाते, असे त्यांना नुकतेच शिकवण्यात आले होते. सामान्य लोकांच्या मते फावडे जो लवकर उठेल त्याच्याकडे जावे. दोन्ही पक्षांपैकी एकानेही, ज्याची पाठ सर्वांत मजबूत आहे त्याच्याकडे ते जावे, असे सुचवले नाही, ही या वाङ्मयातील एक लक्षणीय उणीव होय.

या संशोधकांनी पुढे असेही दाखवले, की खर्च वाढल्यामुळे किंमत वाढवली तर लोक ती मुकाट्याने स्वीकारतात, पण तेवढीच वाढ केवळ गरज वाढल्यामुळे केली तर संतापतात. ग्राहकाला नेहमीच्या किमतीवर आणि विक्रेत्याला नेहमीच्या नफ्यावर आपला हक्क वाटतो, असे या तत्त्वाचे सार सांगता येईल. कंत्राटदारांनी हा निबंध वाचला असण्याची शक्यता कमी, तथापि त्यांची बिले मात्र याच सिद्धान्तावर उभी असतात. ‘बर्फ जास्त होता आणि तुम्ही अडकला होता’ असे कोणत्याही बिलावर कधी लिहिलेले नसते. ‘मीठ’, ‘डिझेल’ आणि ‘विमा’ असे लिहिलेले असते. त्यातला विमा तरी खोटा नाही. साफ केलेल्या वाटेवर कोणी घसरून पडला तर घरमालकाबरोबर कंत्राटदारालाही दाव्यात ओढले जाऊ शकते, आणि ऑन्टारिओ प्रांताने तर २०२१ पासून अशा दाव्याची लेखी सूचना ६० दिवसांत दिली पाहिजे असा नियमच केला आहे. त्यामुळे दरातील किती हिस्सा फावड्याचा आणि किती वकिलाचा, याचे पृथक्करण आता अवघड झाले आहे. न्यूयॉर्क राज्यात १९७८-७९ च्या हिवाळ्यातील तेलटंचाईनंतर, आणीबाणीच्या काळात सदसद्विवेकाला न पटणारी किंमत घेण्यावर बंदी घालणारा कायदा आला. सदसद्विवेक हे मापही विमानतळावरील नोंदीइतकेच सर्वांपासून दूर असते.

व्यावसायिकांखेरीज या क्षेत्रात एक हौशी घटकही आहे, तो म्हणजे फावडे खांद्यावर टाकून दारोदार फिरणारी शाळकरी मुले. न्यू जर्सीतील बाउंड ब्रुक या गावी, मराठी वस्ती दाट असलेल्या एडिसनपासून फारसे दूर नसलेल्या ठिकाणी, जानेवारी २०१५ मध्ये हिमवादळाच्या तोंडावर अशी कामे शोधणाऱ्या दोन तरुणांना पोलिसांनी थांबवले, कारण दारोदार धंदा करण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. त्यावरून एवढा गदारोळ झाला, की पुढच्या वर्षी राज्याने कायदा करून, वर्तवलेल्या हिमवादळाच्या २४ तासांच्या आत बर्फ काढण्याचे काम मागणाऱ्याला परवाना लागणार नाही असे ठरवले. परवान्याचा प्रश्न सुटला, दराचा तसाच राहिला, कारण किती घेणार असे विचारल्यावर हा मुलगा बहुधा, तुम्हाला योग्य वाटेल ते द्या, असे उत्तर देतो. सत्यनारायणाची पूजा आटोपल्यावर गुरुजींनी दक्षिणेबाबत ‘यथाशक्ती’ म्हणताच यजमानाच्या चेहऱ्यावर जी छाया पसरते, तीच येथे उंबरठ्यावर उभ्या असलेल्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर पसरते; वीस डॉलर दिले तर आपण कंजूस ठरू, पन्नास दिले तर पुढच्या वेळी तोच दर होईल, आणि पाकिटात नेमकी शंभराची नोट आहे. खरे तर ज्या दरात घासाघीस करण्याची सोय नाही, तो सर्वांत महाग दर समजावा.

मराठी कुटुंबांत हा प्रश्न आणखी एका परिमाणाने गुंतागुंतीचा होतो, ते म्हणजे हिवाळ्यात नातवंडांसाठी पुण्याहून येऊन राहिलेले वडील. पन्नास डॉलर हा आकडा कानी पडताच त्याला मनोमन ८० ने गुणून ते चार हजार रुपये करतात, तेवढ्या पैशांत कोणकोणती कामे होतात याची यादी सांगतात आणि स्वेटरवर मफलर गुंडाळून स्वतःच बाहेर पडतात. ‘बाबा, तुम्ही आत या बघू,’ असे सून दारातून ओरडते ते केवळ लोकलज्जेस्तव नव्हे. अमेरिकेतील रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत बर्फ उपसण्यामुळे झालेल्या इजांचे दरवर्षी सरासरी ११,५०० रुग्ण येतात, असा १९९० ते २००६ या कालखंडाचा एक अभ्यास आहे, आणि त्यांत हृदयविकाराचे रुग्णही आहेत. एक तात्पुरता प्रवासी विमा आणि एक रुग्णवाहिका एवढा खर्च धरल्यास पन्नास डॉलर वाजवी ठरतात. पण हा हिशेब सासऱ्यांसमोर मांडण्याचे धैर्य अद्याप कोणत्याही सुनेत आढळलेले नाही.

शेजाऱ्याने फुकट काढून दिलेल्या बर्फाचे मूल्य हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. आर्थर सिकार या क्युबेकच्या गृहस्थाने १९२५ मध्ये बर्फ उचलून दूर फेकणारे यंत्र, म्हणजे स्नो ब्लोअर, सिद्ध केले आणि कालांतराने त्याची ढकलगाडीएवढी आवृत्ती घराघरांत पोहोचली. हजार-दीड हजार डॉलर मोजून असे यंत्र घेणारा शेजारी पहिल्याच हिमवर्षावात स्वतःचे अंगण वीस मिनिटांत संपवतो आणि मग, खर्चाचे समर्थन घरात करायचे असल्यामुळे, अख्ख्या गल्लीचे फुटपाथ साफ करत सुटतो. तो पैसे घेत नाही. त्यामुळे त्याला काय द्यावे यावर समोरच्या घरात दोन आठवडे खल होतो, एक केक पाठवला जातो, त्याच्या उत्तरादाखल पुढच्या वेळी ड्राइव्हवेही साफ होतो, मग चिवडा आणि चकल्या जातात, आणि मार्चपर्यंत ही देवघेव अशा थराला पोहोचते की दोन महिन्यांसाठी भारतात गेल्यावरही कोणाकरवी तरी त्याला डबा पोहोचवावा लागतो.

स्वतःच्या श्रमाचे मोल मनुष्य किती लावतो, हे पाहायचे असल्यास बॉस्टनच्या रस्त्यावरील पार्किंग पाहावे. तेथे रस्त्याकडेची जागा खणून मोटार बाहेर काढणारा मनुष्य त्या रिकाम्या जागी मोडकी खुर्ची किंवा इस्त्रीचे टेबल ठेवून जातो, आणि हिमआणीबाणी उठल्यानंतर ४८ तास ती जागा त्याची, असा संकेत नगरपालिकेनेही मुकाट मान्य केलेला आहे. श्रम मिसळले की वस्तू आपली होते, हा जॉन लॉक यांचा सतराव्या शतकातील सिद्धान्त इतक्या तंतोतंत दुसरीकडे कोठे पाळला जात असेल, असे वाटत नाही. दुसऱ्याने एक तास बर्फ उपसला तर तीस डॉलर फार वाटणारा हाच गृहस्थ आपल्या एका तासाच्या बदल्यात सार्वजनिक रस्त्याचा तुकडा दोन दिवस मागतो.

हे सर्व मतभेद मिटले तरी ‘विंडरो’ उरतोच. नगरपालिकेचा प्लाउ रस्ता साफ करत जाताना प्रत्येक ड्राइव्हवेच्या तोंडाशी दाबलेल्या, मिठाने चिंबलेल्या आणि तासाभरात दगड होणाऱ्या बर्फाचा जो बांध घालून जातो, तो हा विंडरो. आणि तो नेहमी खासगी कंत्राटदार काम उरकून गेल्यानंतरच पडतो. हा दुसरा बर्फ पहिल्याच खेपेच्या पैशांत मोडतो, की नवी खेप धरायची? घरमालक म्हणतो, आकाशातून काही नवीन पडलेले नाही. कंत्राटदार म्हणतो, जे पडले ते नगरपालिकेने टाकले आहे, तिला विचारा. टोरांटो महापालिका काही भागांत हा बांध स्वतः फोडून देते आणि त्यामुळे बांध न फोडला जाणाऱ्या भागांतील करदाते तिच्यावर दुप्पट चिडतात. याच शहराने जानेवारी १९९९ मध्ये बर्फ उपसण्यासाठी लष्कर बोलावले होते आणि उरलेला कॅनडा त्याबद्दल अजून हसतो, पण दराच्या दृष्टीने पाहता त्यात हसण्यासारखे काही नाही, कारण सैनिक खेपेनुसार पैसे घेत नाहीत आणि विंडरोवरून वादही घालत नाहीत.

क्युबेककडील पुष्कळ हंगामी करार १५ एप्रिलला संपतात, रंगीत दांडे उपटले जातात, आणि मग एखाद्या वर्षी २० एप्रिलला पुन्हा अर्धा फूट बर्फ पडतो. हा बर्फ कायद्याने कोणाचाच नसतो. दुपारपर्यंत थांबल्यास ऊन तो फुकट वितळवील हे ठाऊक असूनही, सकाळी साडेसात वाजता कामावर निघालेला घरमालक कंत्राटदाराला निरोप पाठवतो, की एवढ्या वर्षांचे संबंध लक्षात घेऊन एक खेप कराल काय. त्याला उत्तरही तासाभरात येते; त्यात बर्फाचा उल्लेख नसतो, तर गवत कापण्याचे हंगामी दरपत्रक असते आणि १ मेपूर्वी संपूर्ण रक्कम भरल्यास १० टक्के सूट मिळेल, असे कळवलेले असते.